तिले इचारलं का?

चौथ्या दिवशीची सकाळ. राउंड अजून व्हायचा होता. बाईचा नवरा कॉटच्या पायथ्याशी उभा होता आणि मी त्याला सगळं समजावून सांगत होते: गोळ्या कोणत्या सुरू झाल्या, रात्री झोप किती लागली, जेवण किती गेलं, आणि बाळ सध्या घरीच राहू द्या. तो मान हलवत होता. बाई कॉटवर पाय पोटाशी घेऊन बसली होती. भिंतीला टेकून खाली बसलेली तिची आजी, म्हणजे तिच्या आईची आई, मध्येच म्हणाली, "सिस्टर, आन् तिले इचारलं का?"

"काय, आजी?"

"लेकरू तिचं हाय ना. तिले इचारलं का कोनं?"

ही २०१९ची गोष्ट. तोवर मनोरुग्ण विभागात माझी अठरा वर्षं झाली होती. त्या चार दिवसांत मी नवऱ्याला विचारलं होतं, सासऱ्याला विचारलं होतं, फोनवर भावाला विचारलं होतं. बाईचं बीपी मोजलं, नाडी बघितली, रोज सकाळी "बरं वाटतं का?" म्हटलं. त्याला विचारणं म्हणत नाहीत, हे मला त्या म्हातारीसमोर उभी असताना कळलं.

मी वलगावची. घरून निघाले की पेढी नदीचा पूल लागतो. याच नदीच्या काठी, वलगावजवळ, २० डिसेंबर १९५६ला गाडगेबाबांनी देह ठेवला. माझ्या आजोबांनी बाबांचं कीर्तन ऐकलं होतं. ते सांगायचे की बाबा उपदेश थोडा करायचे आणि प्रश्न फार विचारायचे. समोरच्या शेतकऱ्याला, बायाबापड्यांना साधे साधे प्रश्न विचारून उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घ्यायचे. लहानपणी मला ती गोष्ट गमतीची वाटायची. आजीने विचारलं त्या दिवशी घरी परतताना पुलावर बस आली, तेव्हा आजोबांचं बोलणं इतक्या वर्षांनी आठवलं.

आम्हाला विचारायची सवयच लागली नव्हती, हे मी आधी कबूल करते. जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या अभ्यासक्रमाला, मनोरुग्ण परिचर्येचा पेपर होता. पेशंट आक्रमक झाला तर काय करायचं ते त्यात होतं, चौघांनी कुठून धरायचं तेही होतं. रुग्णाचे हक्क म्हणून काही होतं का, हे मला आठवत नाही. असलंच तर परीक्षेत आलं नाही.

२००१च्या जूनमध्ये मी एका रुग्णालयात नोकरीला लागले. दोन महिन्यांनी, ६ ऑगस्टला, तामिळनाडूत एरवाडीला आग लागली. दर्ग्याजवळच्या एका खोपटात मनोरुग्णांना साखळीने बांधून ठेवलं होतं. त्यांना पळता आलं नाही. २८ माणसं गेली. ड्यूटीरूममध्ये आम्ही पेपर वाचला, हळहळलो. एक सिस्टर रडली. आपल्याकडे असं कधी होणार नाही, असं आम्ही एकमेकींना सांगितलं.

त्याच वर्षी डिसेंबरात मी एका पोराला रात्रभर बांधून ठेवलं.

चांदूरबाजाराकडचा पोरगा, वय एकोणीस-वीस. रात्रपाळीला मी एकटी सिस्टर, एक वॉर्डबॉय आणि पस्तीस-छत्तीस पेशंट. अकराच्या सुमाराला तो दाराकडे धावला आणि काचेवर हात मारू लागला. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी इंजेक्शन सांगितलं आणि बांधा म्हणाले. आम्ही बँडेजच्या पट्ट्यांनी त्याचे हातपाय कॉटला बांधले. त्या घटकेला ते चूक होतं, असं मी आजही म्हणणार नाही. काच फुटली असती तर त्याचीच नस कापली असती. चूक पुढे झाली. बाराला तो गाढ झोपला. मी दुसऱ्या पेशंटकडे गेले, मग तिसऱ्याकडे. परत आले तेव्हा वाटलं, झोपलाय तर झोपू दे, सोडलं आणि उठला तर? सहा वाजता सोडलं. मनगटांवर वळ होते. चादर ओली होती. त्याने हात चोळत माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "सिस्टर, काय केलं होतं जी म्या?"

त्या रात्रीच्या रिपोर्टमध्ये माझ्या हातची चार वाक्यं आहेत. रुग्ण अस्वस्थ. इंजेक्शन दिले. हातपाय बांधले. आता शांत. किती वाजता बांधलं, किती वाजता सोडलं, कशासाठी, मध्ये कोणी जाऊन बघितलं का, पाणी दिलं का, लघवीला नेलं का, यातलं काही नाही. आणि त्या रिपोर्टवर मला कोणी काही विचारलंही नाही.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७चा. लागू झाला २९ मे २०१८ला. आमच्याकडे त्याचं एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. बहुतेकजणी मागे बसून आपापल्या ड्यूट्यांची अदलाबदल करत होत्या, मीही त्यात होते. कलम ९७ आलं तेव्हा मात्र मी वही काढली. एकांतकोठडीत ठेवायचंच नाही. बांधायचं ते तात्काळ इजा टाळायचा दुसरा कुठलाच मार्ग उरला नसेल तेव्हा. जबाबदार मनोविकारतज्ज्ञाची परवानगी हवी. गरज संपली की लगेच सोडायचं. शिक्षा म्हणून नाही, धाक म्हणून नाही. सगळा वेळ देखरेख. का बांधलं, किती वेळ, हे कागदांत लिहायचं. रुग्णाच्या प्रतिनिधीला २४ तासांच्या आत कळवायचं. आणि दर महिन्याला असे सगळे प्रसंग पुनरावलोकन मंडळाला कळवायचे. साखळी तर कलम ९५ने कुठल्याही रूपात बंद. मी लिहीत होते आणि समोर तो पोरगा हात चोळत होता.

त्यानंतर आमच्या वॉर्डात एक साधी वही आली. बांधल्याची वेळ, सोडल्याची वेळ, दर पंधरा मिनिटांची नोंद आणि सही. पहिल्या महिन्यात सगळ्या वैतागल्या. एवढं लिहीत बसायचं की पेशंट बघायचे? प्रश्न खरा होता. एकटी सिस्टर छत्तीस जणांचं दर पंधरा मिनिटांनी काय बघणार? माणसं वाढवून मिळाली नाहीत. पण दोन-तीन महिन्यांत आमच्या लक्षात आलं की बांधणंच कमी झालंय. एवढ्या नोंदी करण्यापेक्षा त्या माणसाशेजारी दहा मिनिटं बसून बोलणं सोपं जात होतं. कुणाला घाम फुटलेला असे, कुणाला गोळ्यांमुळे एका जागी बसवत नसे आणि आम्ही त्याला त्रास देणारा पेशंट म्हणत असू. जवळ बसलं की कळायचं.

कलम २० वाचताना मला आमच्या वॉर्डातल्या मावशी आठवल्या. त्यांच्याकडे कुठलंच प्रमाणपत्र नव्हतं. उवा झाल्या की बायकांचे केस बारीक कापायची जुनी रीत होती. एका बाईची वेणी कमरेपर्यंत होती. ती गेली आणि बाई दोन दिवस डोक्यावर पदर दाबून भिंतीकडे तोंड करून बसली. पुढच्या वेळी मावशीच आडव्या आल्या. म्हणाल्या, औषध आणा, फणी माझ्याकडे हाय. रोज संध्याकाळी तास-दीड तास त्या ओळीने बायका बसवून केस विंचरायच्या. हे कायद्याच्या कितीतरी आधीचं. कायदा म्हणतो की सक्तीने केस काढायचे नाहीत, आणि स्वतःचे कपडे घालावेसे वाटले तर घालू द्यायचे. मावशींना ते सांगितलं तर म्हणाल्या, "हे लिवा लागते का?"

लागतं, मावशी.

आमच्या भागात आणखी एक गोष्ट रोजची आहे. कापूस हातचा जातो, कर्ज अंगावर येतं, आणि फवारणीचा डबा घरातच असतो. वाचलेला माणूस आधी मेडिसिनला जातो, मग आमच्याकडे येतो. त्याच्या बायकोचा पहिला प्रश्न तब्येतीचा नसायचा. "सिस्टर, केस होते का?" कित्येक जण पोलिसांच्या भीतीने विष पोटात गेल्याचं सांगतच नसत, आणि त्यात जीव जाई. कलम ११५ सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरायचं, त्याच्यावर खटला चालवून शिक्षा करायची नाही, आणि त्याची काळजी घेणं हे सरकारचं कर्तव्य. १ जुलै २०२४पासून तर जुन्या दंडसंहितेतलं ३०९ कलमच राहिलं नाही. हे मी आता त्या बायकोला स्वतःहून सांगते, तिने विचारायच्या आधी. तिचे खांदे खाली येतात ते दिसतं. मग ती बोलू लागते.

आता वलगावची गोष्ट सांगते. गुपित राखण्याचा हक्क कलम २३मध्ये आहे, एवढं म्हणून भागत नाही. शहरातल्या सिस्टरला ते सोपं असेल. मी ज्या गावात राहते, त्याच्या आसपासच्या पंचवीस गावांतून माझ्या वॉर्डात माणसं येतात, आणि बाजारात मला सगळे ओळखतात.

एकदा नात्यातल्या एक काकू घरी आल्या. चहा झाला. मग जवळ सरकून म्हणाल्या, "पोट्ट्याची सोयरीक जमून रायली. पोरगी चांगली हाय, पन कोनी म्हनलं तुह्या वॉर्डात होती. तू फकस्त हो का नाही तेवढं सांग. माह्याजवळच राहील."

त्यांनी सांगितलेलं नाव मी कधी ऐकलंही नव्हतं. ती मुलगी आमच्याकडे आलेलीच नव्हती. "नाही" म्हटलं असतं तर खरं बोलले असते, मुलीचं भलं झालं असतं, काकू खूश झाल्या असत्या. ओठांवर आलं होतं. मग मनात आलं, आज हिच्यासाठी "नाही" म्हटलं, तर उद्या दुसरीसाठी कोणी विचारेल आणि मी गप्प बसेन तेव्हा त्या गप्प बसण्याचा अर्थ "हो" होईल. म्हणून कुणालाच काही सांगायचं नाही. जी आली नव्हती तिच्याबद्दलही नाही. मी म्हटलं, "काकू, मी वॉर्डातलं कोणाचंच काही सांगत नाही. होतं हेही नाही आणि नव्हतं हेही नाही." त्या उठून गेल्या. त्या वर्षी हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. ती सोयरीक मोडली की जमली, मला माहीत नाही. मोडली असेल तर त्यात माझ्या गप्प बसण्याचा वाटा किती, हा विचार मला अजून सोडत नाही.

याला दुसरी बाजू आहे आणि ती मी नाकारत नाही. आजार लपवून लग्न होतं. सासरी गोळ्या दिसू नयेत म्हणून मुलगी त्या बंद करते. सहा महिन्यांत परत आमच्याकडे येते, आणि सासरचे म्हणतात आम्हाला फसवलं. असं मी एकदा नाही, अनेकदा पाहिलं आहे. पण त्यावर उपाय मी बाजारात बोलणं हा नव्हे. डिस्चार्जच्या आधी मुलीला जवळ बसवून विचारायचं: लग्नाचं चाललंय का? गोळ्या कुठे ठेवशील? कोणाला सांगावंसं वाटतं? सांगायचं ठरवलंस तर मी सोबत बसू का? बऱ्याच जणी म्हणतात, बसा. सांगायचं की नाही हे तिने ठरवायचं.

गोळ्यांवरून आठवलं. वरणात गोळी कालवून देणारी आई मला दर महिन्याला भेटते. ओपीडीत हळूच सांगते. तिला दटावणारी मी कोण? पोरगा रात्र रात्र ओरडतो, शेजारी बोलतात, बाप कधीचा गेलेला. पण एका पोराला वरणात पांढरं सापडलं, आणि घरचे आपल्याला विष घालतात हा त्याचा भ्रम त्या दिवशी पक्का झाला. त्यानंतर त्याने आईच्या हातचं जेवण सोडलं. मी त्या आईला एवढंच म्हणाले की पुढच्या वेळी त्याला घेऊन या, त्याच्याशी आपण मिळून बोलू. चार खेपा लागल्या. शेवटी तो म्हणाला की गोळीने तोंडाला कोरड पडते आणि दिवसभर सुस्ती राहते. डॉक्टरांनी गोळी बदलली. तो आता स्वतः घेतो, कधी चुकतो, पण लपवत नाही.

विचारल्यावर माणसं सांगतात, हे फक्त वॉर्डापुरतं नाही. गोव्यातल्या संगाथ संस्थेने काही वर्षांपूर्वी आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प चालवला. गावातलीच शिकवून तयार केलेली माणसं दारोदार जाऊन उदासीबद्दल बोलत. उदासीने ग्रासलेल्यांपैकी मदत घेणारे आधी ४.३ टक्के होते, दीड वर्षात २७.२ टक्के झाले. तरी जवळजवळ तीन चतुर्थांश माणसं राहिलीच.

तर आजी. तिची नात भातकुलीकडची, बाळंतपणाला सव्वा महिना झालेला. हे बाळ माझं नाही, कोणीतरी बदललं, असं म्हणत होती. चार रात्री झोपली नव्हती. बाळ विहिरीजवळ ठेवून ती घरात निघून आली, तेव्हा घरचे घाबरले आणि तिला घेऊन आले. बाळ सासूने ठेवून घेतलं. तेव्हा ते बरोबरच होतं. तीन दिवसांत औषधाने झोप आली, डोळ्यांतलं भय ओसरलं. चौथ्या दिवशी ती नुसती रडत होती. आम्ही लिहिलं होतं, रुग्ण रडते. तिची छाती दुधाने दगडासारखी झाली होती, हे आजीच्या बोलण्यानंतर मी पदर बाजूला करून बघितलं तेव्हा कळलं. ती रडते कशाने, हे चार दिवस कोणी बघितलं नव्हतं.

कलम २१मध्ये आहे की तीन वर्षांखालचं मूल आईपासून शक्यतो तोडायचं नाही. मुलाला धोका असेल तर तात्पुरतं दूर ठेवता येतं, पण आईला देखरेखीखाली भेटू द्यायचं, आणि दर १५ दिवसांनी तो निर्णय पुन्हा बघायचा. प्रशिक्षणाच्या वहीत हे माझ्याच अक्षरात होतं. राउंडला डॉक्टर आले. मी म्हटलं, "सर, बाळाबद्दल हिला अजून कोणी विचारलेलं नाही." राउंडमध्ये सिस्टरने असं बोलायची आमच्याकडे रीत नव्हती. माझा आवाज कापत होता. डॉक्टर क्षणभर थांबले, मग स्टूल ओढून कॉटजवळ बसले आणि तिला विचारलं.

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मले पाह्याचं हाय. पन मी एकटीनं नाही घेणार. आजी पाहिजे संग."

आपल्या हातून काही होईल, ही भीती तिला आमच्यापेक्षा जास्त होती. तिनेच अट घातली होती. दुसऱ्या दिवसापासून दुपारी चारला बाळ येऊ लागलं. अर्धा तास, आजी एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. गोळ्या पाजणाऱ्या आईला चालतील अशा आहेत का, ते डॉक्टरांनी आधी बघून घेतलं होतं. पहिल्या दिवशी तिने बाळाला हात लावला नाही, नुसतं बघितलं. तिसऱ्या दिवशी पदराखाली घेतलं.

त्याच आठवड्यात मी तिला सांगितलं की तुझ्या वतीने बोलणारा माणूस तू निवडू शकतेस. त्याला स्टँपपेपर लागत नाही, वकील लागत नाही. साधा कागद, त्यावर नाव, आणि तुझी सही किंवा अंगठा. तिने आजीचं नाव लिहिलं. नवरा कॉरिडॉरमध्ये मला गाठून म्हणाला, "माहं नाव काहून नाही?" त्याचा चेहरा उतरला होता. मी त्याला उत्तर दिलं नाही, आत नेलं आणि म्हटलं, तिलाच विचारा. त्याने विचारलं. ती म्हणाली, "तुमाले वावर सोडून रोज येनं जमते का? वेचनी सुरू हाय. आजी रिकामी हाय." तो खाली बघून हसला. त्या दोघांमधलं मी बघितलेलं ते पहिलं हसू.

बाराव्या दिवशी डॉक्टरांनी तिला सांगितलं की आता दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावरून तुला इथे ठेवायची गरज राहिली नाही, राहायचं की जायचं ते तू ठरव. ती आणखी पाच दिवस राहिली, स्वतःच्या सहीने. तिला पूर्ण झोप लागेपर्यंत घरी जायचं नव्हतं. ही अशी सही मी पूर्वी फार कमी कागदांवर पाहिली होती. कुठे करायची ते दाखवून आम्ही ती घेत असू. हिने आधी कागद वाचून मागितला. मी वाचून दाखवला, दोनदा.

या कायद्याने केंद्राच्या आणि राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणावर किमान १५ वर्षं अनुभव असलेल्या एका परिचारिकेला जागा दिली आहे. मी नव्या मुलींना हे आवर्जून सांगते. तिथे बसून बोलायचं असेल, तर त्याची सवय राउंडमध्ये कॉटशेजारी उभं राहून लावून घ्यावी लागते.

दीडेक वर्षाने वलगावच्या बाजारात मी वांगी घेत होते. समोरून ती येताना दिसली. कडेवर मूल, सोबत दोन बायका, बहुधा सासरच्या. मी नजर वांग्यांवर ठेवली. आमचा हा नियमच आहे. बाहेर पेशंट दिसला तर आपण ओळख दाखवायची नाही. कुठून ओळखता, असं कोणी विचारलं तर उत्तर त्याला द्यावं लागतं. ती गेली असेल असं वाटून मी पिशवी उचलली, तर ती माझ्यासमोर उभी.

सोबतच्या बायकांना म्हणाली, "ह्या माह्या ओळखीच्या ताई." आणि मूल माझ्याकडे करून म्हणाली, "घ्या ना."